वाटेतले दोन

पायलला पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आधीच शंभरपर्यंतचे आकडे पाठ होते. मीच पाठ करून घेतले होते. कोणी घरी आलं की मी तिला घरापुढच्या छपरीत उभी करायची आणि ती एका दमात सुरू व्हायची. एकोणसत्तरपाशी थोडी अडखळायची, तिथून पुढे उतारावरच्या सायकलीसारखी थेट शंभरावर जाऊन थांबायची. पाहुणे वाहवा करायचे. मला बरं वाटायचं.

माझे बाबा कोपऱ्यात जाळं विणत बसलेले असायचे. एकदा मान वर न करता ते म्हणाले, "पोपटबी बोलते, कुंता. तिले पाच चिंचोके आनाले सांग बरं."

मी सांगितलं. पायल आत गेली आणि मूठ भरून घेऊन आली. मी मोजले. नऊ होते.

"पाच आणलेस?"

"हो. पाच," ती म्हणाली आणि मोजून दाखवायला लागली. बोट चिंचोक्यांवरून धावत होतं, आकडे तोंडातून धावत होते, पण दोघांची कुठेच गाठ पडत नव्हती. शेवटचा चिंचोका आला तेव्हा ती चौदावर होती. तिला त्यात काही चुकलेलं वाटलं नाही.

"आकडे आले," बाबा म्हणाले. "मोजनं यायचं हाये अजून."

मी ब्रह्मपुरीच्या कॉलेजातून बी.एस्सी. झाले होते, नंतर नागपूरला लॅबोरेटरीचा कोर्स केला होता. आमच्या ढिवरांच्या मोहल्ल्यात तेवढं शिकलेली मी पहिली. बाबा, म्हणजे इस्तारी, कधी शाळेत गेले नव्हते. तरी त्यांचं बोलणं मला लागलं, कारण ते खरं होतं.

बाबांचं सगळं मोजणं तलावावरचं. पावसाळ्यात ते मासोळीचं बीज विकत. बोटाच्या पेराएवढी पिल्लं. गावोगावचे लोक कावडीला दोन हंडे लावून येत आणि बाबा ओल्या हाताने पिल्लं त्यात मोजून टाकत. पहिल्याला एक म्हणायचं नाही, लाभ म्हणायचं. लाभ, दोन, तीन, असं विसापर्यंत. वीस झाले की एक कोडी. आणि दर कोडीनंतर ते आणखी एक पिल्लू टाकत, तोंडाने काहीही न म्हणता. लहानपणी मी विचारलं होतं, हे कोणाचं? "हे वाटेतलं," बाबा म्हणाले होते. हंड्यातलं पाणी हलत जातं, ऊन लागतं, एखादं पिल्लू मरतंच. घेणाऱ्याच्या तलावात वीस पोचले पाहिजेत. म्हणून एक वरचं. ते मोजणीत धरायचं नाही.

त्या वर्षी पोळा झाल्यावर मला अहेरीला मलेरियाच्या कामावर कंत्राटी नेमणूक मिळाली. रक्ताच्या काचा सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या. पायलचे बाबा, भूपेश, माजरीच्या कोळसा खाणीत शिफ्टवर होते, चौघांत एक खोली. अहेरीला मलाही एका खोलीत दुसऱ्या बाईबरोबर राहायचं होतं. पायल आजोळीच राहणार हे ठरलंच होतं. पहिली सुट्टी चाळीस दिवसांनी मिळणार होती, तीही जाण्यायेण्यासकट तीन दिवसांची.

निघायच्या दिवशी मी तिला सांगितलं, "चाळीस दिवसांनी येईन."

"चाळीस म्हणजे शंभरच्या अलीकडे?"

"खूप अलीकडे."

तिने मान हलवली. तिला काहीही कळलं नव्हतं हे मला दिसत होतं. मी बाबांना म्हटलं, "तिला चाळीस चिंचोके मोजून द्या. रोज सकाळी एक काढायचा. डबा रिकामा झाला की आई येते." बाबांनी चहापत्तीचा रिकामा डबा घेतला आणि पायलला समोर बसवलं. मी आत पिशवी भरत होते. मला बाबांचा आवाज ऐकू येत होता. लाभ, दोन, तीन. मग पुन्हा लाभ, दोन, तीन. दोन कोड्या झाल्या. डब्याचं झाकण लागल्याचा आवाज आला.

पायल जीपपर्यंत आली. डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला होता, त्यामुळे तिला हात हलवता आला नाही.

*

अहेरीच्या खोलीत माझ्याबरोबर सत्यशीला होती. मूलकडची, प्राथमिक शाळेत शिक्षिका, माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. तिच्याकडे एक ट्रंकभर पुस्तकं होती आणि कोणत्याही गोष्टीवर हसायची सवय होती.

माझं काम मोजायचंच होतं. पावसात गावोगावहून काचा यायच्या, वहीवर नाव, वय, गाव. काचेवरच्या रक्तात दोनशे पांढऱ्या पेशी मोजायच्या आणि तेवढ्यात जंतू किती दिसले ते लिहायचं. नाव वाचायचं नाही, असं मी स्वतःला बजावलं होतं. पण वयाच्या रकान्यात पाच दिसलं की नजर नावाकडे जायचीच. पायलचं नाव तिथे असणं शक्य नव्हतं. तरी जायची.

माझी भावजय रश्मी दहावी झालेली. तिची आंतरदेशीय पत्रं यायची. सासऱ्यांना, म्हणजे बाबांना, ती मामाजी म्हणायची. तिसऱ्या आठवड्यात आलेल्या पत्रात हे होतं:

"बाई, पायल बरी आहे. खाते पिते. सकाळी मामाजीसंगं तलावाच्या पाळीवर जाऊन एक चिंचोका पाण्यात सोडते, जसे मामाजी पिल्लं सोडतात तशी. मग घरी येते. संध्याकाळी उरलेले चिंचोके छपरीत ओळीनं मांडते. दारापासून खांबापर्यंत ओळ जाते. मग एकेक चिंचोका बोटानं ढकलून जवळ जवळ आणते. ओळ लहान झाली की टाळी वाजवते. म्हणते, मामी पाहा, कमी झाले, आई जवळ आली. मी सांगायला गेले तर मामाजी म्हणाले, काही नोको बोलू तिले."

मी ते दोनदा वाचलं आणि सत्यशीलाला वाचून दाखवलं. ती हसायला लागली.

"कुंता, हे तं माझ्या डी.एड.च्या पुस्तकात हाये!" तिने गादीवर काड्यापेटीतल्या काड्यांच्या दोन ओळी केल्या. सहा आणि सहा. मग एक ओळ पसरवली. "हे पाच वर्षांच्या पोट्ट्याले दाखवाचं. जास्त कुठी? तो लांब ओळीकडे बोट दाखवते. समोर मोजून घेतलं तरी तिथंच दाखवते. माझ्या पहिलीतल्या निम्म्या पोरांनी दाखवलं."

"मग कळतं कधी?"

"कळते आपोआप. सहाव्या, सातव्या वर्षी. एक दिवस तुमी विचारता, तं तेच पोट्टं तुमच्याकडे असं पाह्यते का, बाई येडी झाली का? जवळ ठेवले काय, दूर ठेवले काय, तेवढेच." ती काड्या पेटीत भरू लागली. "कोनं शिकवून येत नाई ते. मी लय शिकवून पाह्यलं."

"कळलं की बरंच झालं म्हणायचं."

"हो. मंग गनित शिकवता येते." तिने माझ्याकडे पाहिलं आणि हसणं थांबवलं. "तुले काय झालं?"

काही झालं नव्हतं. सत्यशीला विहिरीवर गेली तेव्हा मी डब्यातून मसुरीचे दाणे घेतले. सुट्टीला चोवीस दिवस उरले होते. मी चोवीस दाणे पाटावर ओळीत मांडले. मग बोटाने जवळ ढकलले, एकाला एक लागेपर्यंत. ओळ वीतभर राहिली. मी विज्ञानाची पदवीधर होते, वय सत्तावीस. मला ते कमी वाटले.

*

पुढचं पत्र बारा दिवसांनी आलं. त्यात रश्मीने वडे, पाऊस आणि शेजारच्या म्हशीबद्दल लिहिलं होतं आणि मग शेवटी:

"परवा मामाजीनी पायलला जाळीपाशी नेलं. पाण्यात बांधलेली कापडाची जाळी आहे ना, पिल्लं ठेवायची, तिथं. जाळी वर उचलली की पिल्लं एका कोपऱ्यात गोळा होतात. ही म्हणाली, आबाजी, कमी झाले. मामाजीनी जाळी खाली सोडली. पिल्लं पसरली. म्हणे, आता जास्त झाले. मामाजी जाळी नुसती वर, खाली, वर, खाली, असं करत राहिले. मी भाकरी घेऊन गेले तरी तेच चालू. शेवटी ही म्हणाली, तेच आहेत. मामाजी म्हणाले, कोन? ही म्हणाली, मासोळ्या. तेवढ्याच आहेत. संध्याकाळी चिंचोके मांडले, पण जवळ नाही ढकलले. ओळ तशीच खांबापर्यंत ठेवली आणि तिच्याकडे पाहत बसली. रडली नाही. मी विचारलं, आज आई जवळ नाही आणायची? म्हणाली, मामी, येत नाही तशी."

हे पत्र मी सत्यशीलाला वाचून दाखवलं नाही.

मी एक शिकलेली बाई होते आणि मला आनंद व्हायला हवा होता. जे पुस्तकात सहाव्या-सातव्या वर्षी लिहिलं होतं ते माझ्या मुलीला पाच वर्षं चार महिन्यांची असताना कळलं होतं. बोट आणि आकडा एका ठिकाणी भेटले होते. ते भेटताना मी तिथे नव्हते. आणि भेटून तिला मिळालं काय, तर एवढंच, की आईला जवळ आणायचा तिच्या हातातला एकुलता एक उपाय खोटा होता.

त्या दिवशी मी एकवीस काचा पाहिल्या. मोजणी चुकली नाही. नंतर मी खोलीवर जाऊन मसुरीचे दाणे परत डब्यात टाकले. मग माझी एकच इच्छा उरली. चाळिसाव्या दिवशी पोचायचं. एकोणचाळीस नाही, एक्केचाळीस नाही. ती आता मोजायला शिकली होती आणि मोजणीचा पहिला अनुभव तिला खरा यायला हवा होता.

*

चाळिसाव्या दिवशी पहाटेची गाडी धरून मी आष्टी, गडचिरोली करत ब्रह्मपुरीला आले आणि तिथून बिरजूच्या जीपमध्ये बसले. जीपमध्ये सोळा माणसं होती. दिवस मावळायच्या आत मी गावात उतरले. पूर्ण वाटेत मी एकच चित्र पाहत आले होते. सकाळी तिने शेवटचा चिंचोका पाण्यात सोडला असेल. डबा रिकामा असेल. ती पाळीवर वाट पाहत असेल.

ती छपरीत होती. मला पाहून उभी राहिली. थोडी उंच झाली होती, किंवा केस कापल्यामुळे तशी वाटत होती. मी पिशवी टाकून दोन्ही हात पुढे केले.

ती आली नाही. खांबाला पाठ लावून म्हणाली, "तू आज काऊन आली?"

"चाळीस दिवस झाले ना. सांगितलं होतं."

तिने डबा उघडून माझ्यासमोर धरला. तळाशी दोन चिंचोके होते.

"अजून दोन बाकी हायेत," ती म्हणाली. चाळीस दिवसांत ती पूर्ण बाबांसारखी बोलायला लागली होती. "आई हे झाल्यावर येते."

रश्मी आतून हसत आली. "अवं पोट्टी, हे कोन मंग? समोर उभी हाये तं मायच हाये ना तुही!"

"हाये. पन आली नाई अजून."

रश्मी हसली. मीही हसले. मला वाटलं, लाजते आहे, तासाभरात सुटेल. जेवताना मी घास पुढे केला. तिने तोंड फिरवलं. तोंडावर राग नव्हता. एखाद्या पाहुणीला नको म्हणावं तसं होतं. झोपताना ती बाबांच्या चटईवर गेली. दोन दिवसांनी सकाळच्या पहिल्या जीपने मला परत निघायचं होतं. मी मनात हिशेब केला. दुसरा चिंचोका ती ज्या सकाळी सोडणार, त्याच सकाळी माझी जीप होती.

बाबा अंगणात बिडी पेटवत होते. मी जाऊन विचारलं, "तुम्ही बेचाळीस टाकले होते?"

"चाळीस टाकले."

"मग दोन कसे उरले?"

"ते वाटेतले," बाबा म्हणाले. "कोडीले एक."

"बाबा, ते दिवस होते. मासोळ्या नव्हत्या."

"दिवसबी मरते वाटेत. पूर येते, गाडी बिघडते, साहेब सुट्टी देत नाई. डबा खाली झाला असता अन् तू नसती आली, तं पोट्टीनं कोनाकडे पाह्यलं असतं? माह्याकडे? मी काय सांगतो तिले?"

कोणत्याही मोजमापापुढे अधिक-उणे किती ते लिहावं, हे मला तीन वर्षं कॉलेजात शिकवलं होतं. बाबांनी ते लिहिलं होतं. त्यांनी फक्त अधिकाची बाजू धरली होती. मी इतकी नेमकी येईन असं त्यांना वाटलं नव्हतं.

"मग सांगा ना तिला, ते दोन मोजायचे नाहीत म्हणून."

"सांगतलं. म्हनते, डब्यात हायेत तं हायेत." बाबांच्या आवाजात थोडं कौतुक होतं. "खरं बोलते ना."

*

सकाळी मी सगळ्यांच्या आधी उठले आणि मला आजही जिची लाज वाटते ती गोष्ट केली. पायलच्या उशाशी डबा होता. मी झाकण काढलं, दोन्ही चिंचोके मुठीत घेतले आणि झाकण लावून ठेवलं. तिने उठून डबा उघडला की रिकामा दिसेल, आणि मी समोर असेन. कामावर मी कोणत्याही काचेचा आकडा कधी बदलला नव्हता.

ती उठली. डबा हलवला. आवाज आला नाही. झाकण काढून तिने आत पाहिलं आणि मान वर केली.

"दोन होते," ती म्हणाली.

"झाले असतील ना बेटा."

"नाई. काल दोन होते. रात्री कोनी सोडत नाई." तिने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. तो मिटलेला होता, आणि मिटलेला राहायचं त्याला काही कारण नव्हतं.

मी मूठ उघडली. चिंचोके घामाने ओले झाले होते. तिने ते उचलले. मोजले नाहीत, दोन मोजावे लागत नाहीत. एक डब्यात टाकला, एक हातात ठेवला. मग बाबांना उठवून पाळीवर घेऊन गेली. परत आल्यावर डबा तिने माझ्यासमोर कोठीच्या मागे ठेवला आणि मला दिसला असं वाटून पुन्हा काढून दुसरीकडे लपवला.

त्या दिवशी मी तिच्या मागे फिरले नाही. तांदूळ निवडला. रश्मीला धुणं धुवू लागले. पायल लांबून मला पाहत होती. दुपारी ती अंगणात बसून काहीतरी मोजत होती, कोंबडीची पिल्लं. प्रत्येक पिल्लावर एक आकडा, एक आकडा, एक पिल्लू. सातवर थांबली. पिल्लं पांगली. तिने पुन्हा मोजली नाहीत. नुसतं म्हणाली, "सात." मी दारात उभी राहून ऐकलं. किती नेमकं मोजत होती. माझ्यापासून चार पावलांवर होती.

"बाई, उचलून घ्या ना तिले," रश्मी म्हणाली. "रडन थोडी. मंग चिपकन."

"नाही," मी म्हटलं. "एकदा चोरी केली. पुरे."

*

निघायच्या सकाळी मी पिशवी घेऊन पाळीवरूनच गेले. रस्ता तिथूनच जातो. तलावावर धूर असल्यासारखं धुकं होतं आणि पलीकडे धानाच्या बांध्या पिवळ्या पडू लागल्या होत्या. बाबा आणि पायल पाण्यापाशी उभे होते. रस्त्यावर जीप आली होती. बिरजू टपावर कोणाची तरी बोरी बांधत होता.

पायलने डबा उघडला. शेवटचा चिंचोका बोटांत धरला, खाली वाकली आणि पाण्यात सोडला. फेकला नाही, सोडला. तो बुडाला त्या जागी ती थोडा वेळ पाहत राहिली. मग डबा उलटा करून हातावर आपटला. आत डोकावली. बाबांना दाखवला.

"खाली झाला, आबाजी."

"हो. झाला."

ती वळली. मी दहा पावलांवर उभी होते. ती पळत आली नाही. चालत आली, डबा हातात घेऊन, आणि माझ्यासमोर थांबली.

"आली?" तिने विचारलं.

"आली," मी म्हटलं.

मग तिने डबा खाली ठेवला आणि माझ्या कमरेला मिठी मारली. इतकी घट्ट, की पिशवी माझ्या खांद्यावरून घसरली. ती रडत होती. चाळीस दिवसांचं आणि वरच्या दोन दिवसांचं. आता ती थांबणार नव्हती.

रस्त्यावरून बिरजू ओरडला, "कुंताबाई, चाला! आठची अहेरी गाडी सुटन तुमची!"

मी बाबांकडे पाहिलं. बाबा जाळीची दोरी सोडवत होते. "जाऊ दे त्याले," ते म्हणाले. "मरते एखादा दिवस वाटेत."

मी बिरजूला हाताने जा म्हटलं. त्याने कपाळावर हात मारून घेतला, हॉर्न वाजवला आणि जीप गेली.

तो दिवस मला तासातासाने आठवतो. तिने मला जाळी दाखवली, वर-खाली करून. "पाह्य आई, कमी नाई झाले. दिसते फक्त." सात पिल्लं दाखवली. माझ्या साडीला किती ठिपके आहेत ते मोजायला बसली आणि एकशे बारावर कंटाळली. शंभरच्या पुढे काय येतं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, तिने स्वतः लावलं होतं. घास मीच भरवला. तिने ते मोजून घेतले.

संध्याकाळी तिने डबा आणला. "पुन्हा किती दिवसानं येते?"

"चाळीस."

"आबाजी, मीच मोजतो."

ती चिंचोक्यांच्या ढिगाशी बसली. लाभ, दोन, तीन. एकेक उचलून डब्यात. वीस झाले तेव्हा बाबांनी सवयीने एक उचलून डब्यात टाकला, काही न म्हणता. पायलने हात घातला आणि तो बाहेर काढला.

"हा नोको."

"वाटेतला हाये बेटा तो."

"नोको. आई बरोबर येते." तिने माझ्याकडे पाहिलं. "येते ना?"

बाबाही माझ्याकडे पाहत होते. मला वाटेतल्या सगळ्या गोष्टी आठवल्या. नदीचा पूर, आष्टीचा पूल, साहेबांची सही, आलापल्लीला बिघडणारी गाडी.

"बरोबर येते," मी म्हटलं.

चाळीस झाले. दुसरा वरचाही तिने धरला नाही. ते दोन चिंचोके जमिनीवर राहिले. मी उचलले आणि माझ्या पर्समध्ये ठेवले. ते माझ्याकडे असू देत, म्हटलं. पायलला त्यात हरकत वाटली नाही. ते डब्यात नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी गेले. कामावर एक दिवस उशिरा हजर झाले, त्याचं कारण लिहावं लागलं. मी लिहिलं, वाटेत एक दिवस गेला. कोणी काही विचारलं नाही.

*

पुढच्या खेपेला मी धोका घेतला नाही. सत्यशीला म्हणाली, आदल्या दिवशीच जा, तुझ्या काचा थोड्या आहेत. मी एकोणचाळिसाव्या दिवशी निघाले. वाटेत पूर नव्हता, गाडी बिघडली नाही. दुपारी तीन वाजता मी ब्रह्मपुरीच्या स्टँडवर उतरले. गाव तिथून बारा किलोमीटर. दिवस लहान होते, पण तरी उजेडात पोचले असते.

बिरजूची जीप उभी होती. तो माझ्या गावाचं नाव ओरडत होता. मला पाहून त्याने समोरच्या सीटवरच्या माणसाला सरकवलं.

"बाई, या! तुमाले समोर जागा केली."

मी पर्स उघडली. दोन चिंचोके आतल्या कप्प्यात होते, चाळीस दिवस बोटं फिरवून गुळगुळीत झालेले. मी ते बोटांनी एकमेकांजवळ आणले. मग दूर केले.

"आज नाही, बिरजूभाऊ," मी म्हटलं. "उद्या येते."

"उद्या? घरापाशी येऊन? आज काऊन नाई?"

जीपमधली माणसं माझ्याकडे पाहत होती. एका बाईच्या मांडीवर लहान मुलगी होती, तीही पाहत होती.

"घरी अजून एक बाकी हाये," मी म्हटलं.

बिरजूला काही समजलं नाही. तो थोडा वेळ थांबला, मग जीप भरली आणि गेली. ती ज्या रस्त्याने गेली त्या रस्त्याकडे तोंड करून मी बाकावर बसले.